नवी घ्यायची की जुनी, आणि मुळात घ्यायची का?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात सध्या "गाडी घेऊया का" हा विषय चालू आहे त्यांनी सवडीने वाचा. बाकीच्यांनी शेवटचा भाग वाचला तरी चालेल, कारण तो गाडी नसलेल्यांबद्दलच आहे.

आधीच सांगते, मला गाड्यांमधलं काही कळत नाही. कळतं ते कर्जातलं. गेली १७ वर्षं मी एका पतसंस्थेत कर्ज विभागात क्लार्क आहे. वाहन कर्जाच्या फायली रोज हाताखालून जातात, आणि थकबाकीची यादीही मीच काढते. त्यामुळे नव्या गाडीला हार घालून पेढे वाटायला आलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि दोन-अडीच वर्षांनी तीच माणसं "एवढा महिना सांभाळून घ्या मॅडम" म्हणायला आलेलीही पाहिली आहेत.

गेल्या वर्षी हा विषय आमच्याच घरात आला.

आमचे आबा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. आमचं गाव कराड-चिपळूण रस्त्याच्या आत, कराडपासून ३० किलोमीटर. उपचाराचा खर्च महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून होतो, त्याबद्दल खरंच आभार मानावेत तेवढे थोडे. पण दवाखान्यापर्यंत पोचायचं कसं, हे आमचं आम्ही बघायचं होतं.

सकाळी जाताना अडचण नसते. माणूस ताजातवाना असतो, बस असते. अडचण येताना. चार तास मशीनवर झोपून माणूस उठतो तेव्हा बीपी खाली गेलेलं असतं, पायात गोळे येतात, कधी उलटी होते. डायलिसिस साडेबाराला संपतं आणि त्या वेळेला आमच्या फाट्यावर थांबणारी बस नाही. मग उरतं वडाप. पुढे दोन, मधे चार, मागे गुडघ्याला गुडघा लावून सहा, आणि जीप भरल्याशिवाय हलायची नाही. दुसऱ्याच आठवड्यात आबांना वडापमध्ये चक्कर आली. त्यानंतर आम्ही गावातली गाडी भाड्याने सांगायला लागलो. जाऊन-येऊन, थांबण्यासकट १,२०० रुपये. महिन्याच्या नऊ खेपा धरल्या तर १०,८०० रुपये. शिवाय लग्नसराईत गाडी मिळत नाही, मिळाली तर ड्रायव्हर नसतो, आणि दर वेळी आदल्या रात्री फोन करून अजिजी करायची ती वेगळीच.

नवरा एमआयडीसीत शिफ्टला. दोघांचं मिळून घरात महिन्याला ५२ हजार येतात. घराचा हप्ता, मुलीचं कॉलेज, मुलाची शाळा, औषधं वजा जाता हातात आठ-नऊ हजार राहतात. बाजूला पडलेले, भिशीचे धरून, १ लाख ६० हजार. एवढ्यात गाडी बसवायची होती.

आबा म्हणाले, "पोरी, माझ्यापायी कर्ज काढू नका. किती दिवसांचा मी?" यावर काय बोलणार? मी म्हटलं, "आबा, आत्ताही आपण महिन्याला दहा हजारांचा हप्ताच भरतोय, फक्त गाडी दुसऱ्याची आहे."

नवऱ्याला नवी हवी होती. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. "पेशंट घेऊन जायचंय. अर्ध्या वाटेत बंद पडली तर काय करायचं? जुनी म्हणजे दुसऱ्याची डोकेदुखी विकत घेणं." त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. चार मीटरच्या आतली, बाराशे सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी एकदम आवाक्यात आल्यासारखी वाटायला लागली. दसरा-दिवाळी तोंडावर. शोरूममध्ये गेलो तर बसायला जागा नाही.

तिथून घरी आल्यावर मी वही काढली. माझी सवयच ती.

समजा गाडीची शोरूम किंमत ५ लाख. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर ११ टक्के, म्हणजे ५५ हजार. विमा, नोंदणी, नंबरप्लेट, आणि त्या लोकांनी गोड बोलून गळ्यात घातलेली मॅट-सीटकव्हर धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ५ लाख ९० हजार. दीड लाख रोख भरले तर कर्ज ४ लाख ४० हजार. ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता ९,१३४ रुपये. हे आम्हाला झेपणारं नाही, हे शोरूमवाल्यालाही आमच्या चेहऱ्यावरून कळलं. तो लगेच म्हणाला, "सात वर्षं करू की. ७,०७९ येतो."

सात वर्षं. इथेच मला आमची थकबाकीची यादी दिसायला लागली.

सात वर्षांच्या हप्त्यात पहिली काही वर्षं मोठा वाटा व्याजात जातो आणि गाडीची किंमत मात्र पहिल्या दिवसापासून उतरते. विम्यासाठी गाडीची किंमत धरायचा जो घसाऱ्याचा तक्ता आहे, त्यात पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, मग २०, ३०, आणि तीन वर्षं पूर्ण झाली की ४० टक्के घसारा. म्हणजे पाच लाखांची गाडी तीन वर्षांनी तक्त्याप्रमाणे तीन लाखांची. तोपर्यंत आपण दीड लाख रोख आणि ३६ हप्त्यांचे अडीच लाख, असे चार लाख भरलेले असतात. आणि कर्ज किती बाकी? २ लाख ८४ हजार. म्हणजे चार लाख भरून झाल्यावर त्या गाडीत आपला स्वतःचा वाटा सोळा हजारांचा. बाजारात थोडी जास्त किंमत येईल, मान्य. पण त्याच वर्षी कंपनीत ले-ऑफ झाला, घरात कुणाचं ऑपरेशन निघालं, तर गाडी विकूनही हातात काही येत नाही. आमच्या काउंटरवर गयावया करणारी माणसं बेजबाबदार नसतात. त्यांची सात वर्षांची आखणी तिसऱ्या वर्षी कोलमडलेली असते, एवढंच.

नव्या गाडीचे फायदे मी नाकारत नाही. वॉरंटी असते, व्याजदर कमी असतो, कागद स्वच्छ असतात, आणि वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला गाडी बनतानाच तयार असते. ज्याचं महिन्याला दीड हजार किलोमीटर रनिंग आहे, जो गाडी दहा-बारा वर्षं ठेवणार आहे आणि ज्याची मिळकत पक्की आहे, त्याने नवीच घ्यावी. आमचं रनिंग महिन्याला साडेपाचशे किलोमीटर, आणि मिळकत तुम्हाला सांगितलीच.

मग जुनी. पण जुन्या गाडीचा बाजार म्हणजे काय, ते पुढचे दोन महिने मी पाहिलं.

पहिली गोष्ट, तिथे माझ्याशी कुणी बोलतच नाही. प्रश्न मी विचारायचा, उत्तर नवऱ्याकडे बघून द्यायचं. "साहेब, मॅडमना कलर आवडला का विचारा." दुसरी गोष्ट, प्रत्येक गाडी डॉक्टरची असते, एका हाताची असते, आणि फक्त रविवारी बाहेर निघालेली असते.

आम्ही जवळजवळ घेतलीच होती अशी एक गाडी सांगते. २०१८ ची, एमएच ०८ पासिंग, बाजारभावापेक्षा चाळीस-पन्नास हजारांनी स्वस्त. आतून चकाचक, नवी सीटकव्हर, सेंटचा घमघमाट. नवरा टोकन द्यायला निघाला होता. आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. त्यांनी इंजिन नंतर बघितलं. आधी पुढच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला. एरवी कुणी एवढा काढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट डाग होता, सरळ रेघ मारल्यासारखा. मग त्यांनी सीटखालच्या रुळावरचा गंज दाखवला, डिकीतलं स्टेपनीखालचं अस्तर उचललं, बोटाने वाळलेला गाळ काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "वहिनी, ही पुरात बसलेली गाडी."

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर. त्या पुरांत बुडालेल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. धुऊन, वाळवून, सेंट मारून बऱ्याच परत रस्त्यावर आल्या. अशा गाडीचं वायरिंग आज चालतं, उद्या चालत नाही. आबांना घेऊन येताना भर दुपारी ती बंद पडली असती. मिस्त्रींना मी त्या दिवशी पाचशे रुपये दिले, ते घेत नव्हते. आयुष्यात एवढं किफायतशीर पाचशे मी कधी खर्च केले नसतील.

दुसरा धडा मला मिस्त्रींनी नाही, आमच्याच एका सभासदाने आधीच दिला होता. नाव-गाव सांगत नाही. त्यांनी जुनी गाडी विकली, पैसे घेतले, टीटी फॉर्मवर सह्या करून दिल्या, आणि विषय संपला असं समजले. घेणाऱ्याने नाव लावलंच नाही, पुढे विकली. त्यानेही पुढे विकली. कोऱ्या सह्यांचे फॉर्म हातोहात फिरत राहिले. मग कुठेतरी अपघात झाला आणि दाव्याची नोटीस आली ती ह्यांच्या दारात. ते माझ्यासमोर मुदत ठेव मोडायला बसले होते, वकिलाच्या फीसाठी. "मी तर गाडी विकली होती हो," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

कायद्यात याचं उत्तर सरळ आहे. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच सांगितलं. गाडी पुढे कितीही हातांतून गेली असली तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमाप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. आपल्याकडे त्यालाच टीटी म्हणतात, आणि सही करून दिलेला टीटी म्हणजे झालेला व्यवहार असं समजतात. तो नुसता कागद असतो.

शेवटी आम्हाला गाडी मिळाली ती बाजारात नाही, ओळखीतून. साताऱ्याचे एक निवृत्त शिक्षक, मुलाकडे कायमचे राहायला निघालेले. एमएच ११, नोव्हेंबर २०१९ ची, ४१ हजार किलोमीटर. मीटर खरा का, हे बघायला सर्व्हिस सेंटरमधून प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद मागवली. दर वर्षीचा आकडा चढता होता, कुठे उडी नाही, कुठे घसरण नाही. सांगत होते ३ लाख १०, ठरली २ लाख ८५ हजारांना.

नोव्हेंबर २०१९ ही तारीख मी मुद्दाम सांगितली. एप्रिल २०१९ पासून गाडीला एबीएस सक्तीचं झालं आणि नवी सुरक्षित नंबरप्लेटही कंपनीतूनच यायला लागली. १ जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि वेगाची सूचना देणारी घंटी सक्तीची झाली. त्याच्या आधीच्या गाडीत हे असेलच असं नाही. शेजारच्या सीटची एअरबॅग सक्तीची व्हायला आणखी अडीच वर्षं गेली, म्हणून आम्ही दोन एअरबॅगचं मॉडेल मिळेपर्यंत थांबलो, कारण आबा त्या सीटवर बसणार होते. चाळीस हजार वाचवायला २०१६ ची गाडी घेतली असती तर काय वाचलं असतं, तुम्हीच ठरवा. मला राहून राहून वाटतं, रस्त्यावरची सुरक्षितताही आता पगाराप्रमाणे वाटली जाते. ज्याच्याकडे पैसे जास्त त्याला सहा एअरबॅग, ज्याच्याकडे कमी त्याला सहा वर्षांपूर्वीचे नियम, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो वडापच्या मागच्या फळीवर.

गाडी पसंत पडली, पण आरसीवर बँकेचा बोजा होता. मास्तरांचं कर्ज दोन वर्षांपूर्वीच फिटलं होतं, नाव काढायचं राहून गेलं होतं. ते अगदी सरळ माणूस, पण बोजा आहे तोवर गाडी माझ्या नावावर होणार नाही. मी दहा हजार टोकन दिलं आणि म्हटलं, "सर, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागून आरसी स्वच्छ होऊ दे, मग बाकीचे." तीन आठवडे गेले. मधे दुसरा गिऱ्हाईक आला, रोख द्यायला तयार. नवरा चिडला, "तुझ्या कागदांपायी हातची गाडी जाणार." मला रात्री झोप येईना. त्या तीन आठवड्यांत सहा खेपांचे सात हजारांवर रुपये भाड्यात गेले, ते वेगळंच. पण मास्तरांनी शब्द पाळला.

आता हिशोब. घरचे १ लाख ३५ हजार आणि कर्ज दीड लाख. उरलेले २५ हजार मी मुद्दाम हात न लावता ठेवले. त्यातून पहिल्या महिन्यात दोन टायर आणि बॅटरी झाली. जुन्या गाडीचं बजेट म्हणजे गाडीची किंमत नाही, किंमत अधिक पहिलं आजारपण. सगळे पैसे गाडीत घालून मोकळे होतात ती माणसं पहिल्या पंक्चरला उसनवारी करतात.

कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षं, हप्ता ५,०५४ रुपये. व्याजदर नव्या गाडीपेक्षा जास्त, तरी एकूण व्याज ३२ हजार. नवीच्या सात वर्षांच्या कर्जावर तेच दीड लाखाच्या वर जात होतं. इथे एक धोक्याची सूचना. जुन्या गाडीच्या बाजारात "फक्त ८ टक्के" म्हणून कर्ज देणारा टेबल टाकून बसलेला असतो. त्याला विचारा, फ्लॅट का घटत्या शिलकीवर? दीड लाखावर तीन वर्षं ८ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३६ हजार, हप्ता ५,१६७. आमच्या १३ टक्क्यांच्या हप्त्यापेक्षा जास्त! घटत्या शिलकीवर मांडलं तर ते साडेचौदा टक्के पडतं. आकडा लहान दिसतो म्हणून कर्ज स्वस्त होत नाही.

महिन्याचा खर्च आता असा पडतो. हप्ता ५,०५४, पेट्रोल सुमारे ३,२००, विम्याचे महिन्याला सातशे, आणि दुरुस्तीसाठी बाजूला १,५००. एकूण साडेदहा हजारांच्या आसपास. म्हणजे आधी भाड्यात जात होते तेवढेच. तीन वर्षांनी हप्ता संपला की निम्मे. रस्ता कर पहिल्या मालकाने कायमचा भरलेला आहे, गाडी राज्यातलीच आहे, म्हणून तो पुन्हा नाही. माणसाकडून माणसाने घेतली म्हणून जीएसटी नाही. डीलरकडून घेतली असती तर त्याच्या नफ्यावर १८ टक्के लागला असता आणि तो शेवटी आमच्याच किमतीत आला असता. विम्यात मात्र फसू नका. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो जुन्या मालकाबरोबर जातो. विमा १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करून घ्या, त्यात फरकाची रक्कम भरावी लागते.

इथेनॉलचा प्रश्न माझ्याही डोक्यात होता. मिस्त्री म्हणाले, रबरी नळ्यांवर लक्ष ठेवायचं, वेळेला बदलायच्या, गाडी महिना-महिना टाकीत पेट्रोल ठेवून उभी करायची नाही. आमची उभी राहतच नाही.

आरसी पोस्टाने घरी आली, नाव माझं. ४१ व्या वर्षी लायसन्स काढलं. पहिल्या खेपेला आबा पुढच्या सीटवर बसले, बेल्ट लावून, दोन्ही हातांनी दाराचा दांडा घट्ट धरून. मी गाडी तिसऱ्या गिअरच्या पुढे नेली नाही. मागून सगळे हॉर्न देत होते.

इथे पोस्ट संपायला हवी होती. पण जे लिहायला बसले ते पुढचंच आहे.

डायलिसिसच्या खोलीत आबांच्या शेजारच्या मशीनवर एक गृहस्थ असतात, आमच्या अलीकडच्या गावचे. शेतकरी, वय साठीच्या आत-बाहेर. ते अजून वडापने येतात. एका दुपारी आम्ही निघालो तर ते स्टँडबाहेर रसवंतीच्या सावलीत, डोक्याला टॉवेल बांधून, जीप भरायची वाट बघत बसले होते. आबा म्हणाले, "थांबव गं." तेव्हापासून येताना ते आमच्याबरोबर असतात. मी पैसे घेत नाही, तर कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी वांगी, असा वानवळा सीटवर ठेवून जातात.

पण ज्या आठवड्यात आमची गाडी क्लच प्लेटला गॅरेजमध्ये होती, त्या आठवड्यात आम्ही भाड्याची गाडी केली, आणि ते पुन्हा जीपमध्ये मागे. त्यांचा डायलिसिसचा खर्च सरकार करतं. पुढच्याच कधीतरी वाढदिवसाला त्यांना बसचं तिकीटही अर्धं होईल. ७५ वर्षं झाली की एसटीचं तिकीटच लागत नाही, २०२२ पासून. आबांना आजही लागत नाही. सवलत आहे, उपचार आहे, फक्त दुपारी साडेबारा ते अडीचच्या मधे आमच्या फाट्यावर थांबणारं चाक नाही. १०८ ची गाडी तातडीच्या रुग्णांसाठी असते, १०२ ची बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांसाठी, आणि ते योग्यच आहे. आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं, ठरलेल्या वेळी दवाखान्यात जाणारा माणूस मात्र यातल्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

मग तो माझ्यासमोर काउंटरवर येऊन बसतो आणि वाहन कर्जाचा अर्ज मागतो. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या जुन्या गाड्यांच्या अर्जांत "कर्जाचे कारण" या रकान्यात मी किती वेळा "आजारी आई", "वडिलांचा दवाखाना", "मुलीचं कॉलेज, बस नाही" असं वाचलंय. चारचाकी घेणारा म्हणजे बरं चाललेला, असं आपण समजतो. त्यातल्या कितीतरी जणांनी बसचं तिकीट हप्त्याने काढलेलं असतं.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि तिन्हीला फार पैसा लागत नाही.

पहिली, जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं, गाडी ताब्यात घेतली की ऑनलाइन कळवायचं, आणि विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची, असा केंद्राचा नियम डिसेंबर २०२२ मध्ये निघाला, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. मी पाच ठिकाणी अधिकारपत्र विचारलं. एकाने दाखवलं, बाकीच्यांनी चहा विचारला. नियम आहे तर त्याची पाटी दारावर दिसू द्या. कोऱ्या टीटीवर सह्या घेणं बंद झालं तर आमच्या त्या सभासदासारखी माणसं वाचतील.

दुसरी, मीटरची नोंद. ब्रिटनमध्ये तीन वर्षांपेक्षा जुन्या गाडीची दरवर्षी तपासणी होते, त्यात किलोमीटर-मैलांचा आकडा नोंदला जातो आणि गाडीच्या नंबरवरून तो कुणालाही ऑनलाइन बघता येतो. आपल्याकडेही पीयूसी आणि विमा दरवर्षी होतोच. त्या वेळचा आकडा गाडीच्या नोंदीत सर्वांना दिसला तर मीटर मागे फिरवणाऱ्यांचा धंदा बसेल. पुराच्या विम्याचा दावा झालेली गाडीही तशीच दिसायला हवी. प्रत्येकाच्या ओळखीत सीटबेल्ट ओढून बघणारा मिस्त्री नसतो.

तिसरी, तालुक्याच्या ठिकाणच्या डायलिसिस केंद्रांच्या वेळा आणि बसच्या वेळा एका टेबलावर बसून जुळवा. आमच्या भागातल्या केंद्रात सकाळच्या पाळीला किती रुग्ण कुठल्या गावचे, ही यादी दवाखान्याकडे असतेच. मी आमच्या आगारात अर्ज दिलाय, सोबत अकरा रुग्णांच्या सह्या आहेत. पोच मिळाली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.

तोपर्यंत, गाडी घेणाऱ्यांना एवढंच सांगेन. नवी की जुनी हे शोरूममध्ये ठरवू नका, घरी वहीवर ठरवा. तिसऱ्या वर्षी एका पगारावर आलो तर हा हप्ता भरता येईल का, हा प्रश्न सगळ्यात वर लिहा. उत्तर "हो" असेल तर बिनधास्त नवी घ्या. "नाही" असेल तर जुनी घ्या, मिस्त्री बरोबर न्या, आणि नाव लागल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, समोर देवमाणूस असला तरी.

आणि वाटेत कुणी दवाखान्यातून परत निघालेलं, डोक्याला टॉवेल बांधून बसलेलं दिसलं, तर गाडी थांबवा.